किंकाळी लक्षात राहते, भूल विसरली जाते

माझा भाचा सहा वर्षांचा आहे. दाताच्या दवाखान्याची पायरी तो अजून एकदाही चढलेला नाही. मागच्या महिन्यात त्याच्या दाढेवर काळा ठिपका दिसला. "एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ," एवढंच बहीण म्हणाली, आणि तो पलंगाखाली जाऊन बसला. बाहेर काढायला अर्धा तास गेला. मग मी त्याला जवळ घेऊन विचारलं, "तुला काय वाटतं, तिथे काय करतात?" त्याने अगदी तपशीलवार सांगितलं. खुर्चीला बांधतात. डॉक्टरच्या तोंडाला मास्क असतो, त्यामुळे तो हसतोय की रागावलाय ते कळत नाही. मग गर्रर्र आवाज येतो आणि माणूस जोरात ओरडतो. "आणि मग?" मी विचारलं. तो जरा थांबला. म्हणाला, "मग काही नाही मावशी. मग दुसरं दाखवतात."

ते शेवटचं वाक्य तेव्हापासून मनात घोळतंय. घरात कुणी त्याला दाताच्या डॉक्टरांची भीती घातलेली नाही. त्याच्यासमोर कुणी दाढ काढल्याच्या कहाण्या सांगत बसलेलं नाही. त्याच्याकडे जे काही आहे ते कार्टूनमधून, सिनेमाच्या तुकड्यांतून, फोनवरच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओंमधून आलेलं आहे. दाताच्या डॉक्टरांशी त्याची पहिली भेट पडद्यावर झाली, आणि ती भेट नेमकी किंकाळीपाशी कापलेली होती.

दाताच्या डॉक्टरांची भीती माध्यमांनी निर्माण केली, असं मी म्हणत नाही. ते खरं नाही आणि तसं म्हणणं सोपंही आहे. ही भीती खऱ्या दुखण्यातून आली, शेकडो वर्षांच्या अनुभवातून आली. माझी तक्रार वेगळी आहे. दुखणं कमी करण्याचे उपाय सापडले, यंत्रं बदलली, पद्धती बदलल्या, तरी पडद्याने जुनंच चित्र धरून ठेवलं. आणि त्या चित्रातून एक गोष्ट सतत वगळली जाते: दात सुन्न केला जातो, ही.

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅचमन यांनी १९७७ साली एक मांडणी केली. माणसात भीती तीन वाटांनी येते, असं त्यांचं म्हणणं. एक, स्वतःला आलेला वाईट अनुभव. दुसरी, दुसऱ्याला घाबरताना किंवा यातना भोगताना पाहणं. तिसरी, ऐकीव आणि वाचीव माहिती. पहिल्या वाटेने यायला निदान एकदा खुर्चीत बसावं लागतं. उरलेल्या दोन वाटांना त्याची गरज नाही. त्या घरबसल्या चालतात. आणि आज या दोन्ही वाटा प्रामुख्याने पडद्यावरून जातात. माझ्या भाच्याची भीती या अर्थाने खोटी नाही. ती शिकलेली आहे, आणि जे शिकवलं गेलं ते त्याने मन लावून शिकलं.

आता जुन्या चित्राबद्दल, कारण ते एके काळी खरं होतं. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांना दात उपटणाऱ्याचं दृश्य फार प्रिय होतं. यान स्टेन याने १६५१ मध्ये रंगवलेलं असंच एक चित्र द हेगच्या माउरिट्सहाउस संग्रहालयात आहे. दात काढला जातोय आणि भोवती बघे जमलेत. त्या काळी दात काढणं ही चारचौघांत, भर रस्त्यात होणारी गोष्ट होती. भूल नव्हती, लोक ओरडत, आणि ते ओरडणं पाहायला गर्दी होई. त्या चित्रकारांनी खोटं काही काढलं नाही.

मग १८४४ साल आलं. ११ डिसेंबरला अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावात होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने हसवणारा वायू, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, हुंगून स्वतःचीच दाढ सहकाऱ्याकडून काढून घेतली. त्याला दुखलं नाही. महिनाभरातच, जानेवारी १८४५ मध्ये, त्याने बोस्टनला विद्यार्थ्यांसमोर आणि डॉक्टरांसमोर प्रयोग करून दाखवायचं ठरवलं. रुग्णाला वायू दिला, दात काढला, आणि रुग्ण ओरडला. सभागृहाने वेल्सची टर उडवली, त्याला भोंदू ठरवलं. आपल्याला फारसं दुखलं नव्हतं, असं त्या रुग्णाने नंतर सांगितल्याचं नोंदलेलं आहे. पण लोकांनी किंकाळी ऐकली होती. वेल्स त्यातून सावरला नाही, १८४८ मध्ये तो गेला. मधल्या काळात, ऑक्टोबर १८४६ मध्ये, त्याच बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन याने ईथर देऊन शस्त्रक्रिया वेदनेशिवाय होऊ शकते हे जगापुढे सिद्ध केलं. मॉर्टनही दंतवैद्यच.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आज मोठमोठी ऑपरेशनं आपण झोपेत करून घेतो, ती ज्या शोधामुळे, तो शोध जगापुढे आणण्यात दोन दंतवैद्यांचा मोठा वाटा आहे. समोरच्या माणसाच्या वेदना रोज पाहणाऱ्या या पेशातल्या लोकांनी त्यासाठी धडपड केली. आणि पडद्यावर क्रूर डॉक्टर दाखवायचा झाला की नेमका हाच पेशा निवडला जातो.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोव्होकेन आलं, म्हणजे पूर्ण बेशुद्ध न करता फक्त तेवढी जागा सुन्न करता येऊ लागली. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन याने १९४३ मध्ये लिडोकेन तयार केलं, १९४८ पासून ते बाजारात आलं, आणि आजही दवाखान्यात टोचतात ते बहुतेक वेळा त्याच घराण्यातलं औषध असतं. १९५७ मध्ये हवेवर चालणारं, मिनिटाला दोन-तीन लाख फेऱ्या घेणारं ड्रिल आलं. त्याआधीची यंत्रं पट्ट्यावर चालत, हळू फिरत, सगळं डोकं हादरवत आणि वेळ खात. नव्या यंत्राने हादरे गेले, तासाचं काम मिनिटांवर आलं. फक्त त्याचा आवाज शिट्टीसारखा बारीक आणि कर्कश झाला. दुर्दैव असं की रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या यंत्राचा तोच आवाज पुढे सिनेमावाल्यांना सापडला.

'मॅरेथॉन मॅन' हा चित्रपट १९७६ चा. दाताच्या डॉक्टरांची भीती आणि सिनेमा हा विषय निघाला की त्याचं नाव येतंच. लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी त्यात क्रिस्टियन झेल नावाचा नाझी युद्धगुन्हेगार रंगवला आहे. तो दंतवैद्य असतो. डस्टिन हॉफमन यांनी केलेला तरुण विद्यार्थी खुर्चीला बांधलेला असतो. झेल त्याला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, त्याचं उत्तर त्या पोराला ठाऊक नसतं, आणि दर वेळी झेल त्याच्या दाताला हात घालतो. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००३ मध्ये पन्नास गाजलेल्या खलनायकांची यादी केली, तिच्यात झेल चौतिसावा आहे. अभिनय थोर आहे यात शंका नाही.

पण ते दृश्य पुन्हा एकदा शांतपणे आठवून पाहा. त्यात दवाखाना नाही. रुग्ण नाही, कारण तो आपणहून आलेला नाही. उपचार नाही. भूल नाही. उलट एका क्षणी झेल दुखऱ्या दाताला लवंगेचं तेल लावतो आणि पोराला हायसं वाटतं. वेदना थांबवणं त्याच्या हातात आहे हे तो दाखवून देतो, आणि मग ती थांबवत नाही. त्यातच त्याची सगळी क्रूरता आहे. पुढे तो ड्रिल चालवतो ते धडधाकट दातावर. म्हणजे दंतवैद्यकात जे जे केलं जातं, ते ते सगळं काढून घेतल्यावर उरलं ते हे दृश्य. लेखकाने ते जाणूनबुजून तसं रचलं आणि कथेच्या दृष्टीने बरोबरच रचलं. पाहणाऱ्याच्या मनात मात्र ही वजाबाकी राहत नाही. नाझी विसरला जातो, बांधलेले हात विसरले जातात, भूल दिली नव्हती हे तर कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं. उरतं काय? खुर्ची, दिवा, ड्रिल, किंकाळी. आणि या चारांपैकी पहिल्या तीन गोष्टी प्रत्येक दवाखान्यात असतात.

विनोदी सिनेमांनी वेगळं काही केलं नाही. चार्ली चॅप्लिन यांच्या १९१४ च्या 'लाफिंग गॅस'मध्ये दवाखान्यातला मदतनीसच डॉक्टर होऊन रुग्णांवर हात चालवतो. १९३२ च्या 'द डेंटिस्ट' या छोट्या चित्रपटात डब्ल्यू. सी. फील्ड्स दात उपटताना रुग्णाशी अक्षरशः कुस्ती खेळतात. १९८६ च्या 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स'मध्ये स्टीव्ह मार्टिन यांनी केलेला डॉक्टर लोकांना दुखवण्यात आनंद मानतो, म्हणूनच तो या धंद्यात आलेला असतो. लोक पोट धरून हसले, आजही हसतात. मीही हसले आहे. पण हसू आलं म्हणून शिकवण पुसली जात नाही. मोठ्या माणसाला ती अतिशयोक्ती आहे हे कळतं; शेजारी बसून पाहणाऱ्या लहान मुलाला कळत नाही. त्याच्यासाठी तो माणूस खरंच ओरडत असतो, आणि घरातली मोठी माणसं त्यावर हसत असतात. हे दुसरं मला पहिल्याहून जास्त बोचतं. आपण ओरडलो तर सगळे हसतील, हेही ते मूल त्याच वेळी शिकत असतं.

मुलांसाठीच्या चित्रपटांची गंमत आणखी निराळी. 'फाइंडिंग नीमो' (२००३) मधला डॉक्टर काही वाईट माणूस नाही. त्याच्या दवाखान्यातल्या काचेच्या टाकीतले मासे उपचार पाहून पाहून इतके जाणकार झालेत की रूट कॅनॉलला, म्हणजे दाताच्या मुळातली पोकळी साफ करायला, कोणती फाइल, म्हणजे सुईसारखी बारीक कानस, वापरली यावर ते वाद घालतात. ज्याने कुणी ते संवाद लिहिले त्याने विषयाचा अभ्यास केला होता, हे उघड आहे. सुन्न करणाऱ्या औषधाचा उल्लेखही एका ओळीत येऊन जातो. तरी रूट कॅनॉल म्हटल्यावर खुर्चीतला माणूस किंचाळतोच. इतकी माहिती असलेल्या चित्रपटालाही ती किंकाळी सोडवली नाही. मुलांना ती ओळ आठवत नाही. का आठवेल? ओळ बोलली जाते, किंकाळी घडते.

२००५ मध्ये 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' नव्याने पडद्यावर आला. मूळ कादंबरीत चॉकलेट कारखान्याचा मालक विली वोंका याच्या बापाचा पत्ता नाही. चित्रपटासाठी एक कोरडा, कडक, पोराला गोड खाऊ न देणारा बाप हवा होता. तो नव्याने घडवला गेला आणि त्याला दंतवैद्य केलं गेलं. पोराच्या डोक्याभोवती पिंजऱ्यासारखं तारांचं यंत्र. असा बाप कुठल्याही पेशातला चालला असता. दंतवैद्य केला की मात्र वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही, प्रेक्षक आधीच घाबरून तयार असतो. लिहिणाऱ्याचे कष्ट वाचतात, ही खरी गोम आहे.

बातम्या आणि जाहिराती यांबद्दल फार लांबण लावत नाही. कटकटीच्या वाटाघाटींना किंवा नकोशा कामाला "रूट कॅनॉल" म्हणायची इंग्रजी वर्तमानपत्रांना जुनी सवय आहे. ज्या उपचाराने ठणका थांबतो, त्याचं नाव ठणक्यासाठी वापरायचं! टूथपेस्टच्या जाहिरातींत दातात वीज चमकते आणि माणूस कळवळतो. पुढच्याच क्षणी ट्यूब येते. म्हणजे सुटका ट्यूबमध्ये, डॉक्टर फक्त पांढरा कोट घालून मान डोलावायला.

फोनवरच्या छोट्या व्हिडिओंचं मात्र मला खरंच भय वाटतं. सिनेमा निदान कधीतरी पाहिला जायचा. इथे एक पाहिला की त्याच्या मागून दहा येतात. पूचा गोळा फोडतानाचं दृश्य, अक्कलदाढ हलवून हलवून काढतानाचं दृश्य, सुईचं टोक कॅमेऱ्याकडे रोखलेलं. दवाखान्यात चांगले डॉक्टर सुई रुग्णाच्या नजरेआडून आणतात. व्हिडिओत तीच पडदाभर मोठी करून दाखवतात. यांतले काही व्हिडिओ स्वतः दंतवैद्यच बनवतात, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं. बघणारे मिळावेत म्हणून आपल्याच पेशातलं सगळ्यात भीतीदायक दृश्य निवडायचं आणि मग रुग्ण वेळेवर येत नाहीत म्हणून तक्रार करायची, हे जुळत नाही.

भीती घालणाऱ्या माहितीपटांचाही एक प्रकार आहे. 'रूट कॉज' नावाचा माहितीपट २०१८ मध्ये आला. रूट कॅनॉल केलेले दात शरीरात ठेवल्याने कर्करोगासारखे आजार होतात, असा त्याचा रोख होता. ही कल्पना शंभर वर्षांपूर्वीची, केव्हाच मोडीत निघालेली. अमेरिकेतल्या दंतवैद्यकाच्या संघटनांनी हरकत घेतली आणि २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने तो काढून टाकला. तोवर किती जणांनी तो पाहून ठरलेला उपचार रद्द केला असेल, याचा विचार केला की अस्वस्थ व्हायला होतं.

आता समोरची बाजू. लोक दाताच्या डॉक्टरांना घाबरतात ते त्यांना दुखलेलं असतं म्हणून, असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. भीती कुठून आली असं विचारलं तर बहुतेक जण स्वतःच्याच अनुभवाकडे बोट दाखवतात. घाईने काम करणारे, भूल चढायची वाट न पाहणारे, "एवढंसं काय दुखतंय" म्हणून दटावणारे डॉक्टर असतात. लहानपणी मला एका दवाखान्यात हात धरून ठेवून दात काढलेला आठवतो. त्या डॉक्टरांनी मला एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं. त्याची जबाबदारी कुठल्या सिनेमावर टाकता येणार नाही.

पण अनुभव आणि चित्र यांच्यात एक वेगळंच नातं असतं. केंट या मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये दाताच्या रुग्णांना तीनदा विचारलं: किती दुखेल असं वाटतं, उपचार झाल्या झाल्या किती दुखलं, आणि तीन महिन्यांनी, तेव्हा किती दुखलं होतं. घाबरट रुग्णांची तीन महिन्यांनंतरची आठवण प्रत्यक्ष दुखण्याशी जुळली नाही. ती त्यांनी आधी धरलेल्या धास्तीशी जास्त जुळली. म्हणजे चांगला अनुभव येऊनही तो टिकला नाही. मनातल्या चित्राने तो खाऊन टाकला. हे वाचल्यापासून, "एकदा जाऊन या, भीती जाईल" हा सल्ला मी कुणाला सरसकट देत नाही. आधी ते चित्र बदलावं लागतं.

डेव्ही या मानसशास्त्रज्ञाच्या १९८९ च्या अभ्यासातही याला लागून असलेली एक गोष्ट दिसते. दुखरा प्रसंग येण्याआधी ज्यांच्या दवाखान्याच्या काही साध्या, न दुखणाऱ्या भेटी झालेल्या असतात, ते पुढे दुखलं तरी सहसा कायमचे घाबरत नाहीत. आधीच्या साध्या भेटी ढालीसारख्या उभ्या राहतात. म्हणून मुलाला दात दुखायच्या आधी, नुसतं तोंड उघडून दाखवायला न्यावं, असं डॉक्टर सांगतात. पण त्या साध्या भेटींची जागा आता पडद्यावरच्या भेटींनी घेतली आहे. मूल पहिल्यांदा दवाखान्यात जातं तेव्हा त्याच्या मनात आधीच वीस-पंचवीस भेटी जमा असतात, आणि त्यांतली एकही साधी नसते.

याची किंमत काय, ते नीट पाहायला हवं. माणूस घाबरतो, म्हणून टाळतो. टाळतो, म्हणून बारीकशी कीड खोल जाते. तोंडाला वास येतो, लाज वाटते, "इतके दिवस काय करत होतात?" हे ऐकावं लागेल म्हणून आणखी टाळतो. शेवटी रात्रभर दाढ ठणकते, गाल सुजतो, तेव्हा जातो. आणि इथे शरीराची एक क्रूर गोष्ट आहे. जिथे पू झालेला असतो, तिथला भाग आम्लधर्मी झालेला असतो, आणि सुन्न करणारं औषध अशा जागी नसेत नीट शिरत नाही. म्हणजे जो सगळ्यात जास्त घाबरला, तो सगळ्यात उशिरा गेला, आणि भूल नेमकी त्याच्यावरच कमी चालली. त्याला खरंच दुखतं. तो घरी येऊन सांगतो, "बघा, म्हणत नव्हतो?" पडद्यावरचं चित्र अशा रीतीने स्वतःला खरं करून दाखवतं. मग तो माणूस ते चार जणांना सांगतो, आणि रॅचमन यांची तिसरी वाट सुरू होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे. कायमचे दात किडलेले सुमारे २०० कोटी, आणि दुधाचे दात किडलेली मुलं ५० कोटींहून जास्त. याचं खापर भीतीवर फोडता येत नाही. साखर आहे, गरिबी आहे, जवळपास डॉक्टरच नसणं आहे. पण डॉक्टर जवळ आहे, खर्च झेपतो आहे, आणि तरी पाय उचलत नाही, अशीही माणसं खूप आहेत. मी त्यांच्यातली होते.

खालच्या डाव्या दाढेचं काम मी सात वर्षं टाळलं. चार वर्षांपूर्वी गेले तेव्हा रूट कॅनॉलवाचून इलाज नव्हता. डॉक्टरांनी आधी हिरडीला बोटाने एक गोडसर वासाची जेल लावली आणि दोन मिनिटं काहीच केलं नाही. मग माझा गाल दोन बोटांत धरून हलकेच हलवत राहिल्या. सुई कधी गेली ते समजलं नाही, फक्त दाब जाणवला. हळूहळू ओठाचा डावा कोपरा जड झाला, हनुवटी माझी नसल्यासारखी वाटू लागली. त्यांनी गारेगार केलेला कापसाचा बोळा दाताला टेकवला. "गार लागतंय?" नव्हतं लागत. मग त्या म्हणाल्या, "दुखलं, भीती वाटली, नुसता दम घ्यावासा वाटला, तरी डावा हात वर करा. मी थांबते." पाच मिनिटांतच मी हात वर केला. दुखत नव्हतं. मला फक्त पाहायचं होतं. यंत्र जागच्या जागी थांबलं. त्या काही बोलल्या नाहीत, माझा हात खाली येईपर्यंत थांबून राहिल्या. त्यानंतरचा पाऊण तास आवाज होता, पाण्याचा फवारा होता, थुंकी ओढणाऱ्या नळीची गुरगुर होती, आणि जबडा अवघडला. शेवटी शेवटी मला कंटाळा आला. छताच्या पत्र्यावरची भोकं मोजत होते.

हा कंटाळा मी कुठल्याही पडद्यावर पाहिलेला नाही. तो वर केलेला हातही नाही.

कुणाला वाटेल, मी डॉक्टरांची गोड गोड चित्रं मागते आहे. मुळीच नाही. पडदा भीती शिकवू शकतो तशी ती उतरवूही शकतो, याचे पुरावे जुने आहेत. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९६० च्या दशकात कुत्र्याला घाबरणाऱ्या मुलांना, दुसरी मुलं कुत्र्याशी खेळताहेत अशा फिल्म दाखवल्या, आणि मुलांची भीती कमी झाली. बार्बरा मेलमेड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ मध्ये हेच दाताच्या दवाखान्यात करून पाहिलं. उपचार नीट पार पाडणाऱ्या एका मुलाची फिल्म आधी पाहिलेली मुलं स्वतःच्या पाळीला कमी घाबरली. त्याच सुमारास मेलमेड यांनी ऑपरेशनला आलेल्या मुलांवर केलेल्या अभ्यासातली एक गोष्ट मला विशेष वाटते. तिथे वापरलेल्या फिल्ममधला मुलगा शूर नव्हता. त्याला भीती वाटते, तो ती बोलून दाखवतो, आणि तरी एकेक टप्पा पार करत जातो. भीती दाखवली होती. तिच्या पुढचंही दाखवलं होतं.

एवढंच मागणं आहे. कथेत दात काढायचा प्रसंग असेल तर माणूस घाबरू दे, घाम फुटू दे. पण भूल दिलेली एकदा दिसू दे. हात वर झालेला आणि यंत्र थांबलेलं दिसू दे. व्हिडिओ बनवणाऱ्या डॉक्टरांनी सुईऐवजी ती दोन मिनिटांची वाट पाहणं दाखवावं. बघणारे कमी मिळतील कदाचित, पण खुर्चीपर्यंत येणारे वाढतील. आणि घरी मुलांसोबत पाहताना असं दृश्य आलं, तर आपण हसून पुढे जाऊ नये. थांबवावं, आणि पुढे काय होतं ते सांगावं, कारण तो पडदा ते सांगणार नाही.

भाच्याला मी काही समजावलं नाही. मागच्या आठवड्यात माझे दात साफ करून घ्यायचे होते, तेव्हा त्याला सोबत नेलं. तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होता. डॉक्टरांनी त्याला ती पाणी ओढणारी नळी हातात दिली, त्याने ती ग्लासातल्या पाण्यात बुडवून पाहिली, मग स्वतःच्या तळव्याला लावून पाहिली. मी मध्ये एकदा हात वर केला. तो टक लावून बघत होता.

या गुरुवारी त्याची पाळी आहे. काल रात्री त्याने विचारलं, हात किती वेळा वर केला तर चालतो. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारून सांगते. सकाळी फोन केला होता. त्या म्हणाल्या, "त्याला सांगा, मोजायचं नाही."